मधला दर्या

सातपाटीत कुणाच्या घरी नवी सून आली की म्हाताऱ्या तिला हमखास सांगायच्या, "दादू-येसूसारखं राहा गो. चौतीस वर्सांत त्यांच्या घरातून भांडान आयकलं नाय कोनी." खोटं नव्हतं ते. पण का ऐकलं नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुद्द येसूबाईच्याही नाही.

येसूबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. पालघरच्या मासळीबाजारात तिचा ओटा कुठला हे शोधावं लागत नसे, आवाजावरून माणूस बरोबर पोचे. गिऱ्हाइकाची सून कुठे बाळंत झाली इथपासून सगळं तिला ठाऊक. दादू नेमका उलटा. स्वतःच्या बोटीचा तांडेल, बोट हाकणारा. इंजिनाची धडधड आणि पाण्याची चाहूल ऐकत जन्म गेलेला. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायचा नाही, आणि घरात भांडं जरी आपटलं तरी कपाळाला आठी.

तरी जमलं, कारण दादू आठ दिवस समुद्रावर असे आणि दोन दिवस घरी. आठ दिवसांचं साचलेलं येसूबाई त्या दोन दिवसांत ओतायची. तो दमून आडवा झालेला, डोळे मिटून ऐकायचा, मधूनच हसायचा. बायकोसाठी बाजूला काढून ठेवलेलं एक पापलेट न चुकता आणायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की दिवसभर चार गड्यांबरोबर जाळी शिवत बसायचा. आपलं इतकं मन लावून ऐकणारा नवरा साऱ्या बंदरात नाही, असं येसूबाईला खरंच वाटे.

दोन वर्षांपूर्वी दादूच्या छातीत कळ आली. डॉक्टरने बोटीवर जायचं कायमचं बंद केलं. मुलगा सुजीत बोईसरला कारखान्यात, त्याला समुद्राची हौस नाही. बोट घिवलीच्या एकाला विकली आणि दादू घरी बसला. तेव्हापासून दोघं पहिल्यांदा एकत्र नांदू लागली म्हणायची.

पहिला महिना येसूबाई आनंदात होती. मग तो हात वर करून म्हणू लागला, "हळू." एवढंच. ना शिवी, ना आवाज चढवणं. तिने टीव्ही लावला की हळू, शेजारणीला हाक मारली की हळू. ती काही सांगायला लागली की तो भिंतीकडे बघे, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर राही. हळूहळू तिने घरात बोलणंच सोडलं. तिच्यासारख्या बाईने मूग गिळून बसायचं म्हणजे जिवंतपणी गुदमरणंच. मासळी संपली तरी ती रिकामी टोपली घेऊन बाजारात बसून राहू लागली. त्याचं तरी काय चुकत होतं? तोही पहाटे उठून पडवीत बसे आणि ती बाजारात गेली की सुटकेचा श्वास टाकी. दोघंही चांगली माणसं होती, हीच तर पंचाईत.

अशीच एका दुपारी ती ओट्यावर बसली होती. उमरोळीची तिची भाची सपना आली. तिच्या मुलीला, दीपिकाला स्थळ आलं होतं.

"मावशी, पोरगा लय गप हाय. आनि आमची दीपिका तर तुज्यासारकी. पटंल का गो त्यांचं? तुमचं कसं पटलं?"

"पोरगा बोटीवर जातो काय?"

"नाय, तारापूरला कंपनीत हाय. संदयाकाळी घरी."

"मंग नको देऊस," येसूबाई म्हणाली. "आमचं कदी पटलंच नाय गो. मदी दर्या होता, मनून निभावलं."

ओळीतल्या सगळ्या बायका खदखदून हसल्या. येसूबाईही हसली, कितीतरी दिवसांनी, पोट धरून. मग एकेकीचं हसू विरलं. तिने मागे वळून पाहिलं तर दादू उभा होता, तिचा घरी राहिलेला जेवणाचा डबा हातात घेऊन. उभ्या जन्मात तो बाजारात आला नव्हता.

"इसरलीस," म्हणाला, आणि डबा ओट्यावर ठेवून गेला.

संध्याकाळी तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला नाही. उलट तोच बोलला, तिच्या आठवणीतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं.

"मी सुजीतकडं जातो बोयसरला. आठ दिस तिकडं र्‍हाईन. मंग दोन दिस हितं येईन. तुजं काय सांगायचं ते ठेव तवर."

"सुजीतच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत काय करनार तुमी?"

"काय करायचं? बसंन."

सकाळी तिने बोटीवर देत असे तशीच शिदोरी बांधली, भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. दादू रिक्षात बसला. नका जाऊ, असं तिला म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण चौतीस वर्षं ज्या शब्दांनी निरोप दिला तेच तोंडातून निघाले.

"वारा बगून र्‍हावा."

रिक्षावाला हसला. दादू हसला नाही. बोटीवरून हलवायचा तशी त्याने मान हलवली.

रिक्षा वळणाआड गेली आणि येसूबाईला एकदम हलकं वाटलं. त्याचंच तिला रडू आलं.