लपवलेली चप्पल

"तुमी मेलाय. हलायचं न्हाई," आर्वी म्हणाली.

मी सतरंजीवर आडवी झाले, डोळे मिटले.

आर्वी सात वर्षांची, माझी पेशंट. (नाव बदललंय.) मी मुलांवर मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करते. मोठी माणसं येऊन बोलतात, मुलं खेळतात. तो खेळ आम्ही बोलण्यासारखाच ऐकायचा असतो. म्हणून माझ्या मुळशीतल्या खोलीत वाळूचा ट्रे, बाहुल्या आणि कापडाचे तुकडे. दर गुरुवारी मी सूसहून तिथे जाते.

तिला तिचे वडील घेऊन आले होते. संतोष, लवळ्याच्या एका कँटीनमध्ये स्वयंपाकी. तक्रार शाळेची होती. वर्गातल्या वस्तू गायब व्हायच्या. कधी कंपास, कधी कुणाची चप्पल. थोड्या वेळाने आर्वीच त्या शोधून आणायची. घरी काहीच न्यायची नाही, तरी चोर म्हणून नाव झालं होतं.

"मॅडम, वसतिगृहात टाकू का? तितं शिस्त तरी लागंल."

"आर्वीची आई?"

"गेली. आठ म्हैनं झालं. कावीळ झाली व्हती."

"आर्वीला काय सांगितलंय?"

त्यांनी मान खाली घातली. "पुण्याला दवाखान्यात हाय म्हनून. ल्हान हाय वो, झेपायचं न्हाई."

अंत्यविधीच्या वेळी तिला आत्याकडे पाठवलं होतं. नंतर घरी झालेल्या बौद्ध पद्धतीच्या जलदान विधीलाही आणलं नव्हतं. आईचा फोटो पेटीत होता.

पहिले काही गुरुवार आर्वी बाहुली वाळूत पुरायची. मी शोधायचं, पण मला सापडता कामा नये. मग ती स्वतःच बाहुली काढायची आणि खदखदून हसायची. चौथ्या गुरुवारी मी घाई केली. "आईपण अशीच हरवलीय का गं?"

तिने हात झटकले आणि वेळ संपेपर्यंत दाराकडे तोंड करून बसली.

आम्हाला आपल्या केसेस एका ज्येष्ठ सहकाऱ्याला नियमित सांगाव्या लागतात. त्याला सुपरविजन म्हणतात. माझ्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, "अर्थ बरोबर लावलास. पण तो आत्ता कुणाला हवा होता? तिला की तुला?"

त्या पुढे म्हणाल्या,

"हरवणं आणि सापडणं तिने स्वतःच्या हातात घेतलंय. तू ते काढून घेतलंस. आता थांब."

पुढचे दोन गुरुवार तिने खेळण्यांना हातही लावला नाही. मी थांबले. त्यानंतरच्या गुरुवारी तिने खेळात मला ‘मारलं’ आणि सतरंजीवर आडवं केलं.

तिने माझ्या अंगावर कापड घातलं. मग हाक मारली, "उठा." मी हलले तशी ओरडली, "आवं, मेल्याली मानसं उठत न्हाईत!"

मग ती शेजारी बसली. मी डोळे न उघडता विचारलं, "मेलेलं माणूस काही बोलतं का?"

"थोडं."

"काय बोलू?"

"म्हना, आर्वीमुळं न्हाई मेले."

मी म्हटलं. तिने तीनदा म्हणायला लावलं. मग हळूच म्हणाली, "मी आईची चप्पल लपवली व्हती. दवाखान्यात जाऊ ने म्हनून. ती रागावली. आलीच न्हाई."

मी संतोषना वेगळं भेटले आणि चपलेचं सांगितलं. खरं सांगायला ते तयार नव्हते. "रडंल वो ती."

"रडू दे. तुम्ही सोबत असाल ना?"

पुढच्या गुरुवारी ते तिच्यासमोर सतरंजीवर बसले. "आर्वे, आपली आई मेली गं."

"म्हाईत हाय."

"कुनी सांगितलं?"

"कुनीच न्हाई. तुमी तिचं नाव घ्यायचं बंद केलं."

मी त्यांना चपलेची आठवण करून दिली, तसं त्यांनी तिला जवळ ओढलं. "येडे, तिला चालायचं त्रानच नव्हतं. मी उचलून नेली. चप्पल कशाला लागतीया? आन रागावली न्हाई. गाडीत बी तुजंच नाव घेत व्हती."

आर्वी रडायला लागली. मग तेही. त्या खोलीत त्या दिवशी माझं काही काम नव्हतं.

फोटो भिंतीवर लागला. शाळेत आणखी एकदोन कंपास हरवले, मग ते थांबलं. वसतिगृहाचा विषय मागे पडला. आर्वी पुढे वर्षभर येत राहिली. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला तिने स्वतः मेणबत्ती लावली, आणि आलेल्या पाहुण्यांना आई काय काय बोलायची ते नकला करून दाखवलं. पाहुणे हसले, डोळे पुसले, परत हसले.

आम्ही प्रशिक्षणात वर्षानुवर्षं अर्थ लावायला शिकतो. तो केव्हा सांगायचा नाही, हे शिकवायला मात्र मुलंच लागतात.