मावशींचा हत्ती

माझ्या बायकोच्या मावशींचा देवावर पूर्ण विश्वास आहे, पण तोही तपासून घेतलेला. हेदवीच्या दशभुज गणपतीला गेल्या की त्या आधी त्याचे हात मोजतात आणि मग स्वतःचे जोडतात. दरवेळी दहाच भरतात, तरी मोजतात. त्यांची उभी हयात वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, हेच काम. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी खातं सोडलेलं नाही. वाण्याकडे गेल्या की साखर मागायच्या आधी "पारडं रिकामं ठेव बघू" म्हणतात. काटा शून्यावर आलेला दिसला की मगच साखर. आमची मुलगी जन्मली तेव्हा बाकीचे नातेवाईक नाक कोणावर गेलंय या वादात होते. मावशींनी मात्र दवाखान्यातला काटा तपासला, "पोर तीन किलोचं नाही, काटा शंभर ग्रॅम पुढे आहे" असं जाहीर केलं आणि माझ्या आईचा कायमचा रोष ओढवून घेतला. एका मासळीबाजारापुढे तेवढे त्यांनी हात टेकले आहेत. तिथे बांगडे वाट्यावर मिळतात, काटाच नसतो. मासेवाली "डोल्यांनी बघ नि घे गो बाय" म्हणते आणि मावशी नाइलाजाने डोळ्यांवर विश्वास ठेवून घेतात.

मांडवीला दोन खोल्यांच्या घरात मावशी आणि त्यांचे धाकटे भाऊ दिगूमामा राहतात, म्हणजे अलीकडेपर्यंत राहत होते. दिगूमामा चौपन्न वर्षांचे. जन्मापासून बुद्धीने मागे. अक्षर ओळखता येत नाही, घड्याळ कळत नाही, पण भरती कधी येणार ते बरोबर कळतं. आई गेली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते; तेव्हापासून मावशीच त्यांची आई. मावशींनी लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर "पसंत पडला नाही कोणी" म्हणतात आणि खरं कारण सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी पुढे विचारत नाही. दिगूमामांचा स्वभाव गरीब. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "हो". भूक लागली? हो. पोट भरलं? हो. मागच्या वर्षी मावशी न्हाणीघरात पडल्या, आठ दिवस दवाखान्यात राहिल्या आणि घरी आल्या त्या एकच प्रश्न घेऊन: माझ्यामागे दिगूचं काय? आम्ही उभयतांनी "आम्ही आहोत ना" म्हटलं. "तुम्ही चांगली माणसं आहात," मावशी म्हणाल्या, "पण चांगलं असणं वेगळं नि सांभाळायला येणं वेगळं." आणि त्यांनी शोध सुरू केला. गाडी माझी असल्यामुळे सारथी मी.

दिगूमामांसारख्या मोठ्या माणसांना कायमचं सांभाळणारी तीन घरं आम्ही पाहिली. पाहणं म्हणजे काय असतं हे मला मावशींमुळे कळलं. मी आपला बाग, भिंतींचा रंग आणि व्यवस्थापकांचं गोड बोलणं यांवर खूश होऊन "छान आहे" म्हणणारा माणूस. मावशी ऑफिसात टेकायच्याच नाहीत, थेट न्हाणीघराकडे जायच्या. पहिल्या ठिकाणी आम्ही सकाळी नऊला पोचलो. बारा जणांचे दात घासायचे ब्रश नावं लिहून ओळीने लावलेले होते आणि व्यवस्थापक ते कौतुकाने दाखवत होते. मावशींनी एकेका ब्रशाला बोट लावून पाहिलं. बाराही कोरडे ठणठणीत. आरशाला सुतळीने एकच कंगवा बांधलेला होता, बारा डोक्यांना मिळून. मग व्यवस्थापकांनी फाइल काढली. स्वच्छता, आहार, करमणूक, सगळ्यापुढे 'समाधानकारक' लिहिलेलं.

"हे कोणी लिहिलंय? वाढणाऱ्याने की जेवणाऱ्याने?" मावशींनी विचारलं.

"अहो, त्यांना लिहिता कुठे येतं!"

"बोलता येतं ना?"

व्यवस्थापकांनी घाईघाईने चहा मागवला. परत येताना मी म्हटलं, मावशी, जरा जास्तच कडक होत नाही का? तर म्हणाल्या, "जावईबापू, एका रात्रीसाठी लॉजवर खोली घेताना तुम्ही बाथरूम बघता. मला तर दिगूचा उरलेला जन्म ठेवायचाय."

दुसरं ठिकाण घाटापलीकडे होतं आणि आम्ही येणार हे त्यांना आधी कळवलेलं होतं. सगळ्यांना इस्त्रीचे कपडे घालून ओळीने बसवलेलं. ब्रश ओले होते, कंगवे भरपूर. मी मनातल्या मनात पास करून टाकलं. मावशी त्या सगळ्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "जेवण आवडतं ना?" "होऽऽ!" "ताई प्रेमाने वागतात ना?" "होऽऽ!" दारात उभ्या असलेल्या ताईंना धन्य वाटलं असावं. तेवढ्यात मावशींनी त्याच आवाजात विचारलं, "आणि रोज सकाळी इथे हत्ती येतो ना?" "होऽऽ!" मागच्या एका गृहस्थांनी तर "दोन येतात" अशी दुरुस्तीही सुचवली. ताईंचा चेहरा पडला. मला हसू आवरेना.

मावशी मात्र हसल्या नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नाही हो. 'हो' म्हटलं की समोरचा खूश होतो, एवढं त्यांना पक्कं शिकवलंय. असा काटा काय वजन सांगणार? आधी तो शून्यावर आहे का बघायला नको? जिथे माणूस तोंडावर 'नाही' म्हणू शकतो, तिथलंच त्याचं 'हो' धरायचं." घाट उतरेपर्यंत मी माझ्या ऑफिसात साहेबांना आजवर किती वेळा 'हो' म्हटलं ते आठवत होतो.

तिसरं घर देवरूखच्या बाहेर, सहा जणांचं. तिथे कोणी इस्त्री केलेली नव्हती. पडवीत चाळिशीची एक बाई फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. ती तिथे राहणाऱ्या सहा जणांपैकीच एक. मावशींनी तिलाच गाठलं. "काय गो, इथे रोज हत्ती येतो ना?"

तिने मावशींना आपादमस्तक न्याहाळलं. "हत्ती? तुला बरा नाय काय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला पानी दे."

मावशींचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, आता त्या तिला ओवाळतात. मग सवयीने त्यांनी एका खोलीचं दार ढकललं. आतून पुरुषी आवाज आला, "टकटक करायचा!" मावशींनी मुकाट्याने दार लोटून घेतलं, टकटक केली आणि थांबल्या. आतल्या माणसाने सावकाश विचार केला आणि म्हणाला, "आता नको." बंद दारासमोर एवढ्या आनंदात उभ्या असलेल्या मावशी मी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. दिगूमामांना पंधरा दिवस ठेवून बघायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांना आणायला गेलो. दिगूमामा पडवीत बसले होते, चेहऱ्यावर जरा तजेला आलेला. त्यांना सांभाळणाऱ्या बाई जवळच्याच गावातल्या. त्यांनी चहा आणला आणि कप देताना सहज म्हणाल्या, "ही तुमची, आल्याची. ही मामांची. त्यांना आला नाय चालत. पयल्याच दिवशी सांगितलंनी त्यांनी."

"दिगूने सांगितलंन?" मावशी म्हणाल्या.

गेली त्रेचाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मावशी आलं ठेचून घातलेला चहा दिगूमामांपुढे ठेवत आल्या होत्या. रोज "बरा झालाय ना रे?" विचारत आल्या होत्या आणि रोज 'हो' ऐकत आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"दिगू, तुला आलं आवडत नाही?"

दिगूमामांनी आधी त्या बाईंकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "नाय. झोंबतं."

"मग मला कधी बोलला नाहीस ते?"

दिगूमामांनी आपल्या चहाचा घोट घेतला. मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं. आता घरी जायचं ना?"

"नको," दिगूमामा म्हणाले. हळू म्हणाले, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

कपडे भरून न्यायला आणलेली पिशवी मावशींच्या मांडीवर तशीच रिकामी राहिली. हातखंबा येईपर्यंत त्या ती पिशवी घडी घालून पुन्हा उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या जिल्ह्याचे काटे तपासले मी. त्याला मात्र विचारायचे ते 'हो' ऐकायलाच." मी म्हटलं, मावशी, तुम्ही त्यांच्यासाठी किती केलंत! "केलं," त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. त्याला काय हवं होतं ते ठाऊक नव्हतं." मला फार वाईट वाटलं. त्यांना जागा मिळाली होती, हवी होती तशीच मिळाली होती, आणि त्याची एवढी किंमत पडेल असं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आता दर रविवारी मी त्यांना देवरूखला नेतो. ब्रशांना बोट लावणं चालूच आहे. त्या दिसल्या की तिथल्या बाई न सांगता कंगवेही पुढे आणून ठेवतात. पण बाकीचा वेळ मावशी भावाशेजारी बसून त्यांना एकेक गोष्ट विचारतात आणि थांबतात. दिगूमामांना उत्तर द्यायला वेळ लागतो, हे मावशींना आत्ता कळलंय. येताना गाडीत मला बातम्या मिळतात. दिगूला खिडकी उघडी लागते. दिगूला निळा शर्ट नको, पट्ट्यांचा हवा. दिगूला आमटीपेक्षा सार आवडतं. नव्याने ओळख झालेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलतात, आणि मांडवीला उतरल्यावर कुलूप काढायला उगाच वेळ लावतात.

गेल्या रविवारी निघताना मावशींनी फाटकाशी भावाला विचारलं, "दिगू, माझी आठवण येते का रे तुला?" मी गाडीत बसलेलो. मनात म्हणत होतो, मामा, आज 'हो' म्हणा, फक्त आजच्या दिवस. दिगूमामा गाल खाजवत बराच वेळ विचार करत राहिले.

"कधी कधी," ते म्हणाले. "रोज नाय."

मावशी गाडीत येऊन बसल्या. मी काचेतून समोर बघत गाडी सुरू केली. पहिलं वळण गेल्यावर शेजारून आवाज आला, "ऐकलंत ना? कधी कधी येते म्हणाला." मी मान हलवली. मावशींनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे येते हो, जावईबापू. खरंच येते त्याला."