मामाचं फडकं

माझ्या मामाला घाण खपत नाही. गॅरेजमधला माणूस, पण पाना हातात घेण्याआधी साबणाने हात धुणार. मामी म्हणते, "यांच्याशी लग्न केलं आणि घरातला केरही माझ्या वाट्याला येईना!" खिशात पिवळं फडकं नसलेला मामा मी तरी पाहिलेला नाही.

माझी शर्यतीची गाडी त्यानेच बांधली. इथला पत्रा काप, तिथला नट बदल, असं करत नियमातल्या किमान वजनाच्या अगदी काठावर आणली. त्या वर्षीची सगळ्यात मोठी शर्यत जिंकले, तर मला एका नावाजलेल्या संघात जागा मिळणार होती आणि मामाला माझा मेकॅनिक म्हणून.

आणि मी जिंकले! चिखलाच्या त्या ट्रॅकवर भल्याभल्यांना मागे टाकून जिंकले. गाडी रांगेत उभी केली आणि मंचावर पळाले. करंडकावर माझी चिखलाची पाचही बोटं उमटली.

खाली उतरले तर वजनकाट्याभोवती परीक्षक जमलेले आणि काट्यावर माझी गाडी, लखलखीत. शर्यत संपेल तशीच गाडी काट्यावर चढवायची, चिखलासकट. झिजलेल्या टायरांची तूट तो चिखलच भरून काढतो. आमच्या लहानसहान शर्यतींत काटा नसायचाच, त्यामुळे मामाला हे ठाऊकच नव्हतं.

"गाडी कोणी साफ केली?" मुख्य परीक्षकाने विचारलं.

"मीच!" मामा खुलला. "चारचौघांत न्यायची, म्हटलं जरा तोंड तरी पुसू तिचं."

परीक्षक हसला नाही. वजन कमी भरलं होतं. भोंग्यावरून बदललेला निकाल जाहीर झाला: मी बाद, दुसरा आलेला पहिला. मघाशी माझ्यासाठी वाजलेले हात आता त्याच्यासाठी वाजत होते. संताप आला, त्या नियमाचा, त्या लोकांचा आणि खरं सांगायचं तर मामाचाही.

"चिखलाचं वजन?" मामा पुन्हा पुन्हा विचारत होता. "अहो, घाण ती! ती कुठे गाडीत धरतात का?" खरवडलेल्या चिखलाचा ढीग त्यानेच कडेला नीट लावून ठेवला होता. त्याकडे तो बघतच राहिला.

करंडक न्यायला माणूस आला. मी तो पुढे केला, तेवढ्यात मामाने माझा हात धरला. खिशातून फडकं काढलं आणि करंडकावरची माझी बोटं एकेक करून पुसली.

"दुसऱ्याच्या घरी जायचंय त्याला," तो म्हणाला. "स्वच्छ जाऊ दे."