बाप्पाच्या हातावरचं दही

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "अहो, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा." सोडवत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका हॉलच्या फुटलेल्या काचांनी जितका संताप आला तितका त्यांनी कधी आला नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. पावलोपावली राउंडअबाउट आणि घरांमागून सायकलींच्या लाल वाटा, एवढं म्हटलं की इथल्या माणसाला कळेलच. मी तिथे डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर होतो. लहानपणी वडिलांबरोबर कोल्हापूरहून इंग्लंडला आलो आणि पुढे पोलिसात शिरलो. आमच्या डिव्हिजनमध्ये मराठी समजणारा मी एकटाच.

त्या वर्षी कौन्सिलच्या एका जागेची पोटनिवडणूक गणपतीतच आली. उमेदवारांत आमचा एक मराठी माणूस होता, मंडळाचा अध्यक्ष. आयटीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला लाघवी, फोटोत कायम पुढे. निवडणुकीचा मुद्दा एकच होता. मंडळ ज्या कम्युनिटी हॉलमध्ये गणपती बसवायचं तो वाढवायचा की नाही. मंडळाला वाढवायचा होता आणि हॉलच्या मागच्या गल्लीचा विरोध होता, कारण कार्यक्रम असला की त्यांच्या दारात गाड्या लागत. भांडण पार्किंगचं होतं, पण दोन्हीकडची डोकी तापलेली होती.

रविवारी सकाळी पोलिसांच्या 999 नंबरला फोन आला. हॉलच्या काचा फोडल्या होत्या, मखर ओरबाडलं होतं आणि स्टेजमागच्या भिंतीवर लाल रंगात 'आपल्या देशात चालते व्हा' असं इंग्रजीत फासलं होतं. दुपारपर्यंत कॅमेरे आले. उमेदवार डोळे पुसत म्हणाला, "बाप्पानं स्वतःला वाचवलं." मूर्तीला ओरखडाही नव्हता. त्याच्या जबाबात होतं की, सकाळी दार उघडलं तेव्हा मूर्ती काचांच्या खचात स्टेजवर बसलेली होती आणि त्यानंच ती उचलून किचनमध्ये ठेवली.

संध्याकाळी निनावी खबर आली. मागच्या गल्लीतला एक माणूस आदल्या रात्री हॉलजवळ रंगाचा डबा घेऊन दिसला म्हणे. हा माणूस शाळेत केअरटेकर होता, जन्मानं इंग्रज, आणि कौन्सिलच्या सभेत "माझ्या मढ्यावरून हॉल वाढवा" असं ओरडलेला. मग काय, साप साप म्हणून भुई धोपटायला वेळ लागला नाही. ड्यूटीवरच्या टीमनं त्याला अटक केली. शाळेनं सोमवारी सकाळीच सस्पेंड केलं. त्याच्या खिडकीवर अंडी फेकली गेली आणि अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईला बहिणीकडे हलवावं लागलं.

सोमवारी प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा तो कस्टडीतच होता. मी त्याला इंटरव्ह्यू रूममध्ये घेतलं, टेप सुरू केली, गप्प राहण्याच्या हक्काची कायदेशीर सूचना, म्हणजे कॉशन, दिली. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा सगळं सांगतो, अगदी न विचारलेलंसुद्धा. हा माणूस फक्त चिडला होता.

"सभेत का ओरडलात?" मी विचारलं.

"आईची अॅम्ब्युलन्स दारापर्यंत येऊ शकली नाही म्हणून. तुमच्या लोकांच्या गाड्या होत्या."

"आणि रंग?"

"रंग मी शाळेच्या भिंतीला लावतो. तिथली मुलं तुमचीच आहेत. त्यांच्या आयांना आता माझं तोंड कसं दाखवू, ते सांगा."

'तुमच्या लोकांच्या' हे शब्द मला झोंबले, पण तो खरं बोलतोय असं वाटलं. वाटण्यावर कोर्ट चालत नाही, म्हणून मी हॉलवर गेलो.

किचनच्या दारात एक तरुण गोरी कॉन्स्टेबल उभी होती. ती तळमळून म्हणाली, "सर, त्यांनी मूर्तीच्या हातालाही पांढरा रंग फासलाय."

मी वाकून पाहिलं, मग वास घेतला. आंबट. ते दही होतं, वाळून खपली धरलेलं. बाप्पाच्या मस्तकावर आणि खांद्यावर अक्षता होत्या.

मराठी वाचकाला सांगायला नको. प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती आपण अशीच उचलत नाही. आधी उत्तरपूजा करायची, अक्षता वाहायच्या, हातावर दही ठेवायचं, मूर्ती जागच्या जागी जराशी हलवायची आणि मगच उचलायची. विसर्जन पुढच्या रविवारी होतं. मग देवाला निरोप दिला कुणी, आणि कधी?

मी स्टेजवर गेलो. पाटावर काचेचे तुकडे पसरले होते आणि लाल रंगाचे शिंतोडे उडाले होते. नेमकं मूर्ती बसवलेल्या जागी, पाटाच्या मध्यावरसुद्धा. मूर्ती तिथे असती तर तिच्याखालची जागा स्वच्छ राहिली असती आणि शिंतोडे मूर्तीवर उडाले असते. म्हणजे मूर्ती आधी हलली, साग्रसंगीत निरोप घेऊन, आणि दगड नंतर आले. असा सोवळा वंशद्वेषी या देशात अजून जन्माला यायचा आहे!

त्याच दुपारी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद मला स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाठायला आले. मी हॉलवर काय बघत होतो याची कुणकुण त्यांना लागली होती.

"अहो सर, इलेक्शन थर्सडेला आहे. आत्ता हे सगळं ओपन कशाला करताय? कम्युनिटीचं नाव खराब होईल."

"आणि आत बसलेल्या माणसाचं नाव?"

"त्याचं काय, तो सुटेलच की. आपलं आपण नंतर इंटर्नली सॉर्ट करू."

मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. वयानं मोठे होते, तरी झापलं. केअरटेकरला मी सोडून दिलं आणि मंगळवारी उमेदवाराला अटक केली.

तो इंटरव्ह्यूला सॉलिसिटर घेऊन बसला आणि प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट" म्हणत राहिला. पाटावरच्या काचांचे फोटो समोर ठेवले, नो कॉमेंट. मूर्ती कधी उचलली, नो कॉमेंट. इंटरव्ह्यू इंग्रजीतच चालला होता, पण एका शब्दाला इंग्रजी नव्हतं, म्हणून मी तो तसाच वापरला. "उत्तरपूजा तुम्ही केलीत. देवाची भीती वाटली, मग शेजाऱ्याला तुरुंगात घालायची का नाही वाटली?"

तो ताडकन मराठीत बोलला, "अहो, प्रतिष्ठापनेला मी स्वतः बसलो होतो! बाप्पा समोर असताना कसा दगड मारणार होतो मी?"

सॉलिसिटर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. मी तपास अधिकारी, म्हणून भाषांतर मला करता येईना. टेप लंडनच्या दुभाष्याकडे पाठवावी लागली. पुढे त्याच्या गाडीत रंगाचा डबा मिळाला आणि निनावी खबरही त्याच्याच दुसऱ्या फोनवरून आल्याचं निघालं. करून सवरून नामानिराळा राहणार होता, वर सहानुभूतीची मतं घेणार होता.

बॅलट पेपरवरचं नाव काढता येत नाही, त्यामुळे गुरुवारी त्याच्या नावापुढे फुल्या पडायच्या त्या पडल्याच. तो हरला, शिक्षाही झाली. पण अटकेची बातमी वाचूनही आमच्यातल्या लोकांनी त्याला मतं दिली, "आपला माणूस" म्हणून. आपला! मी मंडळाला सांगितलं, त्या केअरटेकरच्या घरी जा आणि तोंडानं माफी मागा. कुणी गेलं नाही. कुरिअरनं मिठाईचा डबा पाठवला. शाळेनं त्याला परत घेतलं, पण हॉलसमोरून जाताना तो रस्ता बदलायचा.

आम्ही इथे आलो तेव्हा वडिलांच्या दुकानाच्या काचा खरोखर फुटत. तक्रार लिहून घ्यायलाही पोलीस टाळाटाळ करत. पोलिसांचा विश्वास मिळवायला आमच्या पिढीची उमर गेली, आणि या माणसानं एका नगरसेवकपदासाठी तो विकायला काढला. खोटी तक्रार कुणातरी खऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द चोरते, हे मी या प्रकरणात शिकलो.

कसं शिकलो तेही सांगतो. काही महिन्यांनी त्याच भागातल्या एका मराठी आजींच्या खिडकीतून वीट आत आली. त्यांनी पोलिसांना कळवलंच नाही, खिडकीला पुठ्ठा लावून मागच्या खोलीत बसून राहिल्या. मुलानं सांगितलं म्हणून मी गेलो. "फोन का नाही केलात?" असं विचारलं.

"काय करून? पहिलं मलाच विचारतील, आजी, तुमच्यातल्याच कुणी मारली का?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा तरी बसतो ना विश्वास?"

मी "हो" म्हणालो. पण म्हणण्याआधी माझी नजर पुठ्ठ्याखाली गेली होती, काचा आत पडल्यात की बाहेर ते बघायला. आजींनी ते पाहिलं. काचा आतच होत्या. त्या उमेदवाराचा मला त्या क्षणी जेवढा राग आला, तेवढा इंटरव्ह्यू रूममध्येही आला नव्हता.