आधी टाच, मग काठी

बोंडे काकू कुठंही गेल्या की आधी उजव्या पायाची टाच जमिनीत रोवून बघायच्या. लग्नाच्या लॉनवर, बँकेच्या दारात, दवाखान्याच्या आवारात, कुणाच्या मयतीला गेल्या तर तिथल्या झाडाखालीसुद्धा. टाच रोवायची, जरा फिरवायची, स्वतःशीच मान हलवायची आणि मग पुढं चालायचं. ओळखीच्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंच्या बुटात खडा गेला असेल. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

तेव्हा मी अमरावतीत दुसऱ्याची ऑटो चालवायचो. गाव माझं तेल्हाऱ्याकडचं. शाळा नववीतच सुटली. गणित आणि इंग्रजी या दोघांनी मिळून सोडवली म्हणा. एका सकाळी स्टँडवर साठीच्या एक बाई आल्या. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर एक लांबलचक पिशवी. पिशवीतून लोखंडी दांडे वाजत होते.

मी म्हटलं, "मॅडम, नळाचे पाइप टपावर बांधा लागतीन."

"पाइप नाही बाप्पा, गोल्फच्या काठ्या हायेत. अन् मॅडम काहून म्हणतं? काकू म्हण. चाल, तिवसा रोडले."

शहर मागं पडल्यावर एका पडीक तुकड्यापाशी त्यांनी ऑटो थांबवायला सांगितली. उतरल्या, टाच रोवली, म्हणाल्या, "टणक हाय आज." मी विचारलं, "खडा टोचला काय?" त्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या तुरीतला माणूस उभा राहून बघायला लागला.

त्यांचे यजमान फौजेत कर्नल होते, म्हणून अर्धं शहर त्यांना कर्नलीणबाई म्हणायचं. नोकरीभर छावणी छावणी फिरताना काकू गोल्फ शिकल्या. निवृत्तीनंतर दोघं अमरावतीला परतले आणि थोड्याच वर्षांत साहेब गेले. तिवसा रोडवरची जमीन काकूंनी करायला दिली, पण रस्त्याकडचा एक तुकडा स्वतःकडं ठेवला. तिथं तुपाचे रिकामे डबे पुरून त्यांनी होल केले होते. झेंडे म्हणून तुराट्यांना जुन्या साडीची फडकी. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडायच्या आणि बॉल सरळ पाताळात जायचा. त्यासाठी काकूंचा एक नियम होता. भेगेत हात घालायचा, बॉल काढायचा, शेजारी ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "भेग माफ!" मोठ्यानं नाही म्हटलं तर माफ नाही.

मी बांधावर बसून त्यांची वाट बघायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "बसून काय राह्यला? मार एक." मी मारला तो बॉल नाही, ढेकूळ. पण त्यानंतर मला करमेना. सकाळची भाडी सोडून मी तिथं जायला लागलो.

काकूंच्या पिशवीत काठ्या बऱ्याच होत्या, पण ही गोष्ट त्यातल्या दोघींची आहे. दोन्ही लांबच्या फटक्याच्या. एक साहेबांची तीन नंबरची आयर्न: लांब दांडा, विळ्यासारखं पातळ पातं. तिनं बॉल नीट मारणं फार अवघड. जरा हात चुकला की कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसरी हायब्रिड. परदेशातल्या मुलीनं पाठवलेली, फुगीर डोक्याची, रुंद तळाची. ती बॉल सहज उचलायची. पण काकू बरेचदा आयर्नच काढायच्या. भेटायला आलेले लोक हळवे व्हायचे, "साहेबांची आठवण जपता हो तुम्ही."

"आठवण कायची?" काकू म्हणायच्या. "या काठीनं साहेबाचा एक बॉल सरळ गेला असंन तं शपथ. अर्धे बॉल तुरीत जात. आमचा कोळपेवाला बॉलच येचत बसे."

खरं कारण त्यांनी मला जमिनीवर दाखवलं. उन्हानं भाजलेल्या मातीवर हायब्रिडचा रुंद तळ आपटून उसळतो आणि बॉलच्या डोक्यावर बसतो. तिथं पातळ पातंच बॉलच्या खाली शिरतं. पावसाळ्यानंतर उलट. दाट, ओल्या गवतात पात्याच्या मानेला गवत गुंडाळतं, काठी हातात फिरते आणि बॉल भलतीकडं जातो. हायब्रिड मात्र गवतावरून घसरत निघते. "म्हून आधी टाच, मंग काठी," त्या सांगायच्या. "काठीले इचारू नोको कोण चांगली हाय म्हून. जमिनीले इचार."

मी हो हो म्हणायचो. पण मनातून मला आयर्नच हवी असायची. हायब्रिड म्हणजे गाईड समोर ठेवून पेपर लिहिण्यासारखं वाटायचं. माझ्याकडं दहावीचा कागद नव्हता. निदान एखादी अवघड गोष्ट तरी हातात असावी, असं वाटायचं.

अशात साहेबांच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याचा काकूंना फोन आला. त्यानं बंगळूरजवळ गोल्फ शिकवायचं मैदान काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची गर्दी होते, सुरुवातीचं शिकवायला भरवशाचा माणूस असेल तर सांगा, असं त्याचं म्हणणं. इकडं माझ्या मालकानं सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यात पोरीचं लग्न आहे, ऑटो विकणार. गावाकडं परतून काय करायचं, या काळजीनं मला घास गोड लागत नव्हता. शेवटी धीर करून म्हटलं, "काकू, माह्यासाठी एक फोन करसान काय?"

"करीन. पन आता नाही."

"कवा मंग?"

"मले वाटंन तवा."

मला वाटलं, आयर्न सरळ लागायला लागली की करतील. मी तिच्या मागं लागलो. तळहात सोलले, पण बॉल सरळ जायला लागला.

दसऱ्यानंतर दरवर्षी अमरावतीची मंडळी अकोल्याला खेळायला जायची. तिथले हबीबभाई जिनिंगवाले काकूंच्या यजमानांचे जुने दोस्त. त्यांच्या कापसाच्या जिनिंगमागच्या रानात सामना व्हायचा. हरेल त्यानं जेवण द्यायचं, असा नियम होता, आणि कुणीही हरलं तरी जेवण हबीबभाईच द्यायचे. त्या वर्षी काकूंच्या खेळातल्या जोडीदाराची पाठ धरली, म्हणून त्यांनी मला उभं केलं.

हबीबभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "क्या कर्नलीणबाई, इस बार ऑटोवाला लाए? मीटर डाउन करके मारेगा क्या?"

"मारंन तं मारंन," काकू म्हणाल्या. "तुमच्यावानी बॉलले शिव्या तं देत नाही."

शेवटच्या होलला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. मारायची पाळी माझी. बॉल गुडघाभर गवतात पडलेला, दव अजून सुकलं नव्हतं. पुढं नाला, नाल्यापलीकडं झेंडा. काकूंनी पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि बाजूला सरकल्या. सगळे बघत होते. मी टाच रोवली नाही. सरळ आयर्न उपसली.

"अरे भाई, घास काटनी है क्या?" हबीबभाई ओरडले.

मी डोळे मिटल्यासारखं करून मारलं. काठी हातात फिरली, बॉल तिरपा खाली गेला, नाल्याच्या काठावरच्या दगडावर आपटला, उसळला आणि झेंड्याजवळ जाऊन बसला. एकच गलका झाला. हबीबभाईंनी मला मिठी मारली, "वा रे मेरे शेर!" आम्ही जिंकलो. बिर्याणीचं पहिलं ताट मला मिळालं.

काकूंनी एवढंच केलं. आयर्नच्या मानेला गुंडाळलेलं गवत सोडवलं आणि ती जुडी माझ्या हातावर ठेवली.

परतताना त्यांची गाडी मी चालवत होतो. फोनचं आज नक्की, असं मला वाटत होतं. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा राहवलं नाही. "काकू, जिंकलो ना आपण?"

"जिंकलो."

"मंग?"

"दगड नसता तं?"

मी कप बाकड्यावर ठेवला.

"लागला म्हून बरोबर झाला काय? उद्या तुह्या हाताखाली लेकरं येतीन. त्याइले काय सांगशीन? दगड पाहून मारा?"

मला राग आला. अख्ख्या अकोल्यानं टाळ्या वाजवल्या आणि यांचं हे. मी म्हटलं, "काकू, तुमीबी शाळेसारखंच करून राह्यल्या. उत्तर बरोबर येते अन् मार्क भेटत नाही."

त्या चहा फुंकत होत्या. म्हणाल्या, "शाळेनं तुले दारातून वापस धाडलं. मी तुले माह्या गाडीत बसवून घरी नेऊन राह्यली. फरक हाय तेवढा."

बडनेरा येईपर्यंत मी गाडी रागातच हाणली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटो घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. त्यांनीही काही झालंच नाही अशी पिशवी माझ्याकडं दिली.

हिवाळ्यात काकू बाथरूममध्ये पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हातात पहिल्यासारखा जोर राहिला नाही. उन्हं तापल्यावर पहिल्यांदा मैदानावर आल्या तेव्हा माती भेगाळली होती. टाच रोवली. आणि पिशवीतून हायब्रिड काढली.

मी म्हटलं, "काकू, जमीन तं टणक हाय. आयर्न पायजे."

"जमीन टणक हाय, मनगट नाही. त्यालेबी इचारा लागते ना."

पहिला बॉल उसळून चार हात गेला. दुसराही तसाच. त्या हसल्या, पण टोपी उगाचच दोनदा नीट केली. मी एक ढेकूळ उचललं, मुठीत चुरलं, त्या भुग्याची इवलीशी उशी केली आणि तिच्यावर बॉल ठेवला. आता तळ जमिनीला लागणार नव्हता.

"हे नियमात बसत नाही," काकू म्हणाल्या.

"आजपासून बसते. मोठ्यानं म्हणा. मनगट माफ!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खरोखरच शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, "मनगट माफ!" आणि बॉल उंच, हळू, सरळ झेंड्याकडं गेला.

नंतर आम्ही निंबाखाली बसलो. काकूंनी दोन्ही काठ्या माझ्यासमोर मातीवर आडव्या ठेवल्या. "समज, तू बंगळूरले जाऊन राह्यला. एकच काठी नेता येते. कोणती नेशीन?"

हात आपोआप आयर्नकडं गेला. मग वाटलं, नाही, गवतातली चूक सुधारायची तर हायब्रिड. हात तिकडं वळला आणि मध्येच थांबला. बंगळूरला माती कशी असते, गवत कसं असतं, मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. शाळेत असं झालं की मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि छडी खायचो. पण निंबाखाली छडी नव्हती.

"काकू," मी म्हटलं, "तिथची जमीन मी पाह्यलीच नाही."

काकूंनी पर्समधून फोन काढला. माझ्यासमोरच लावला. हालहवाल झाल्यावर म्हणाल्या, "माणूस भेटला. दहावी नाही झाला, आधीच सांगून ठेवते. इंग्रजीबी नाही. पन त्याले जे माहीत नाही, ते तो माहीत नाही म्हणते. लेकरं त्याच्या हाती बिनधास्त दे."

मी बांधाकडं तोंड करून बसलो होतो. काकूंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

निघायच्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या होत्या. शिदोरी होती, काठी नव्हती. "काठ्या तिथी भेटतीन," म्हणाल्या. मग सवयीनं प्लॅटफॉर्मवर टाच रोवली. "सिमेंट हाय," म्हणाल्या, "इथी कोणतीच चालत नाही. चाल, चढ गाडीत. पोचला का फोन करजो."

तेव्हापासून मी इथं आहे. भाषा थोडी थोडी आली. अजूनही सकाळी मुलं येण्याआधी भीतीनं बॉलच्या टोपल्या पुन्हा पुन्हा मोजतो, फाटक लागलं का बघायला परत जातो. पण नवीन मूल आलं आणि कोणती काठी घेऊ म्हणून विचारलं की तेवढ्यापुरती भीती जाते. दर रविवारी काकूंना फोन करायचो. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला काय?" दुसरा, "जमीन कशी हाय आज?"

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर काकू झोपेतच गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. घर आवरायला घेतलं होतं. म्हणाल्या, "आईनं सांगून ठेवलं होतं, दोन काठ्यांपैकी एक गजाननला द्या, कोणती ते त्यालाच विचारा. लोखंडीच पाठवू ना? तिचा जीव होता त्या काठीवर. बाबांची होती."

मी मैदानाच्या कडेला उभा होतो. डोळ्यांपुढं ती आयर्न होती, तिचं विळ्यासारखं पातं. मी टाच रोवली. ती मऊ तांबड्या मातीत अलगद आत गेली.

"ताई," मी म्हटलं, "हायब्रिड पाठवा. इथं बारा महिने गवत असतं."

त्या म्हणाल्या, "आईनं पैज लावली होती माझ्याशी. तू हेच म्हणशील म्हणून."

काठी आली तेव्हा तिच्या तळाच्या खाचेत वाळलेली काळी माती होती, ढेकळाच्या त्या भुग्यासारखी; शेवटच्या खेळानंतर धुवायची राहिली असावी. क्षणभर वाटलं, राहू द्यावी. पण काकूंनी मातीनं भरलेली काठी कधी पिशवीत ठेवू दिली नव्हती. मी नळाखाली ती स्वच्छ धुतली, पुसली आणि त्या सकाळी शिकायला आलेल्या पहिल्याच मुलीच्या हातात दिली. तिनं घाईनं काठी उगारली.

मी तिच्या बुटाकडं बोट दाखवलं.