मंडळी बंद नव्हती

सुलोचनाअक्का भांडताना आवाज चढवत नसत, उलट आणखी खाली आणत. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेला माणूस फार वेळ चिडून राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा जन्म नर्सच्या नोकरीत गेला होता. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी आले आणि राजाजीनगरात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागले. माझं मराठी कानावर पडताच त्या जिन्यापाशी येऊन म्हणाल्या, "जेवायला खालीच ये की. रोज भात स्वल्प जास्तच होतोय."

अक्का बेळगावकडच्या एका खेड्यातल्या. तिथल्या चर्चच्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत त्या वाढल्या. मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा बंगळूरला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी तिचा इतिहास छापायचं ठरवलं. या कामातले प्रमुख देवदानअण्णा मजकूर दाखवायला घरी आले. अक्कांनी तो सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जुने धर्मगुरू, म्हणजे पाळक, गाव सोडून गेल्यावर नवे येईपर्यंत मंडळी बंद पडली होती, असं तिथं लिहिलं होतं.

"मंडळी बंद नव्हती, अण्णा," अक्का म्हणाल्या. "पाळक नव्हते."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. चर्चचं छप्पर कोसळलं होतं. अक्कांची आई मार्थाबाई आणि गावातल्या काही बायका दर रविवारी गोठ्यात जमत. बायबलमधलं जे वचन जिला आठवत असेल, ते ती म्हणे. त्याच काळात तापाची साथ आली आणि अक्कांचा धाकटा भाऊ गेला. तालुक्याच्या पाळकांना निरोप धाडला, ते आले नाहीत. पुरुष कामासाठी गोव्याकडे गेलेले. शेवटी बायकांनीच खड्डा खणला, आणि मार्थाबाईंनी स्वतःच्या लेकराच्या दफनाची प्रार्थना स्वतः केली.

अण्णा अवघडले. पाळकांशिवाय बायकांनी दफन केलं हे छापलं तर लोक नावं ठेवतील, म्हणाले. शिवाय अक्का तेव्हा लहान होत्या, दुसरं कोण सांगणार? अक्कांनी गोठ्यात जमणाऱ्या त्या बायकांपैकी राहेलमावशींचं नाव घेतलं. त्या जयनगरला मुलाकडे राहत.

पुढच्या रविवारी मी अक्कांबरोबर तिथं गेले. जुनं काही काढलं की आई दोन दिवस जेवत नाही, असं सांगून मुलानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. अक्का "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि परतल्या. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला मुलगा बोलत असतानाच राहेलमावशी चपला घालून बाहेर आल्या. "कुठं जायचं ते सांग," एवढंच त्यांनी विचारलं.

जे. पी. नगरला अण्णांच्या घरी इतिहासाच्या कामातले सगळे जमले होते. राहेलमावशी खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या.

"खड्डा मी खणला," त्या म्हणाल्या. "मार्थानं लेकराला आपल्या हातानं खाली ठेवलं. प्रार्थना म्हणताना तिचा आवाज फुटला नाही, आमचे फुटले. आणि नवे पाळक आले त्या दिवशी आम्ही गोठ्यात गात होतो. त्यांनी दारात चपला काढल्या, मागं येऊन बसले. बंद असतं तर ते बसले कुठं?"

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं आणि मावशींना त्या बायकांची नावं विचारली.

वर्धापनदिनाला अक्का मला गावी घेऊन गेल्या. उपासनेत अण्णांनी नवा मजकूर वाचायला घेतला. पहिलंच नाव मार्थाबाईंचं होतं. अक्का उठून उभ्या राहिल्या. पुढच्या नावाला बाकांवर चुळबुळ झाली, आणि पागोटं घातलेले एक म्हातारे काठी टेकत उठले. "माझी आई," ते म्हणाले. मग एकेका नावाला कुणी ना कुणी उठत गेलं. यादी संपली तेव्हा बसलेलं माणूस शोधावं लागत होतं.