कॉलरीवरचा सरदार

सरदार कुणाच्याही घरी गेले, की आधी उंबरठ्यावर थांबत, वर बघत आणि हातातल्या काठीने आढ्याला तीनदा ठोकत. मग मान तिरकी करून आवाज ऐकत. आवाज पटला तर चपला काढून आत येत. नाही पटला तर "मी ओट्यावरच बरा आहे" म्हणून बाहेर बसत. शेजारच्या एका घराला नवा स्लॅब पडला. फादर आले, प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झालं आणि पाठोपाठ सरदारांनी काठी वर केली. घरमालकाचं तोंड वाकडं झालं. सरदार म्हणाले, "फादरांचं काम झालं. आता माझं." स्लॅब ठीक निघाला, तरी त्या घरात पुढे वर्षभर त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्यांचं खरं नाव बस्त्याव. गास या आमच्या गावी शेजारी राहणाऱ्या इनासकाकांचे ते थोरले भाऊ. विशीच्या आत घर सोडून चंद्रपूरकडे गेले, तिथल्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढली आणि खाण बंद झाल्यावर सत्तरच्या दशकात पत्र्याची एक ट्रंक घेऊन परत आले. खाणीत प्रत्येक पाळीच्या आधी छप्पर तपासून माणसांना आत सोडणाऱ्याला सरदार म्हणतात. हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, पण पगडी नसलेला सरदार पाहायला लोक बरेच दिवस येत राहिले.

खाणीवरच्या त्या गावाचं नाव ते कधी घेत नसत. फक्त 'कॉलरी' म्हणत, म्हणजे इंग्रजीतली कोळशाची खाण. इनासकाकांनी भाऊ कॉलरीवरून येतोय असं सांगितलं, तेव्हा आमच्या सासूबाईंनी कॉलरा ऐकलं आणि आठ दिवस पाणी उकळून प्यायला लावलं. चूक कळल्यावरही त्यांनी उरलेले दोन दिवस पूर्ण केले.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन गासला आले होते आणि शाळेत शिकवत होते. संध्याकाळी ओट्यावर वह्या तपासायला बसले, की सरदार येऊन बसत आणि "टीचर, तुमचं चालू द्या" म्हणून स्वतः सुरू करत. त्यांच्या बोलण्यात तीस वर्षांत खाणीवरची हिंदी इतकी मुरली होती, की घरच्या बोलीत बोलायला लागले की त्यांची भावजयच हसे. म्हणून ते माझ्याशी बोलत. मी शाळेची मराठी बोलत असे, आणि ती दोघांनाही सारखीच परकी होती.

असं ऐकून ऐकून ती कॉलरी मला पाठ झाली. आधी नुसतं जंगल होतं. मग कंपनी आली, विटांच्या खोल्यांच्या चार लाइनी उभ्या राहिल्या. छत्तीसगडची माणसं आली, तेलंगी आली, बिहारी आली. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि गाव त्यावर जेवायचं, झोपायचं, भांडायचं. तिथे कुणी पांढरं नेसत नसे, कारण दोरीवर वाळेपर्यंत त्याचं करडं होई. नवरीची साडीसुद्धा घरातच वाळत घालत. मग एक दिवस कोळसा संपत आला, खाण बंद झाली आणि भोंगाही थांबला. "पहिले चार दिवस कुणाला भूकच लागली नाही," सरदार म्हणाले. "मग एकेक घर उठलं. लोक दारं काढून घेऊन गेले. दारं का नेली, मला अजून कळलेलं नाही."

त्यांची बायको फुलबाई तिथलीच, कोळसा भरणाऱ्या बायकांमधली. ती तिथेच वारली, एवढंच ते सांगत. पुढे आम्ही विचारत नसू.

आमच्या वाडीत एक जुनी विहीर होती, कित्येक वर्षं फळ्यांनी झाकलेली. एका उन्हाळ्यात ती साफ करायचं ठरलं. फळ्या काढल्या आणि माझा धाकटा दीर अंतोन दोर धरून खाली उतरला. पाण्याच्या वरच्या टप्प्यावर पोचला, काहीतरी बोलला आणि तिथेच आडवा झाला. माझे यजमान लगेच दुसरा दोर कमरेला बांधू लागले. तेवढ्यात सरदारांनी मागून येऊन त्यांची कॉलर धरली.

"एक खाली आहे," ते म्हणाले. "तू गेलास तर दोन होतील. मला एकच काढता येतो."

त्यांनी पेटता कंदील दोराने खाली सोडला. अर्ध्यावर तो विझला, म्हणजे खाली हवा खराब होती. तो वर ओढून त्यांनी आमच्या घरातली मोठी छत्री मागवली, ती उघडून दोराला बांधली आणि आम्हा सगळ्यांना ती विहिरीत भराभर वरखाली करायला लावली. दोघांना बादल्यांनी वरून पाणी ओतायला सांगितलं. सासूबाई काठावर बसून अंतोनला हाका मारत होत्या. सरदारांनी त्यांना थांबवलं नाही. फक्त थोडं बाजूला बसवलं, तिथला कठडा कच्चा होता म्हणून. कंदील पुन्हा सोडला तेव्हा ज्योत बारीक झाली, पण राहिली. मग पन्नाशी उलटलेला तो माणूस ओला पंचा तोंडाला बांधून खाली उतरला. पाच मिनिटांनी अंतोन वर आला, निळा पडलेला, पण श्वास घेत. अंतोन शुद्धीवर येऊन पहिल्यांदा काय म्हणाला, तर छत्री कुणी मोडली.

या गोष्टीनंतर सरदारांना सगळीकडे मान मिळाला. विहीर साफ करायची असली की लोक त्यांना बोलवत आणि घरात येताना त्यांची काठी मुकाट्याने चालवून घेत. ते आता इथेच राहणार, असं आम्ही धरून चाललो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक पत्र आलं. खाणीतला जुना जोडीदार दुखुराम याने हिंदीत लिहिलं होतं. सरदारांना वाचता येई, पण चष्मा फुटला होता म्हणून मी वाचून दाखवलं. तिसऱ्या लाइनीच्या रिकाम्या खोल्यांत पुन्हा माणसं राहायला आली होती. अकरा घरं, पोरंबाळं. अलीकडे जमिनीला भेगा पडत होत्या. साहेब लोक नकाशा घेऊन आले, तिसरी लाइन पक्की आहे म्हणाले आणि गेले.

सरदारांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. खाणीत कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच जाड खांब ठेवतात. खाण बंद करताना शेवटी ते खांबही काढत मागे यायचं असतं. नकाशात ज्या बारा खांबांवर काढायची खूण होती, ते कबरस्तानाच्या खाली होते. वर फुलबाई होती.

"ते मी काढले नाहीत," सरदार म्हणाले. "पण माल तर द्यायचा होता. म्हणून तिसऱ्या लाइनीखालचे काढले. कामं कमी झाल्यावर ती लाइन आधीच रिकामी झाली होती, टीचर. कुत्रंसुद्धा नव्हतं. नकाशावर मात्र साहेबांनी सांगितलेलेच काढले, असं लिहून दिलं."

मी म्हटलं, आपण पत्र लिहू. ते म्हणाले, पत्र वाचून कोण घर सोडतो. इनासकाकांनी त्यांना खूप समजावलं, तुला तिथे मारतील म्हणाले. सरदारांनी ऐकून घेतलं आणि ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी अंतोनने त्यांना नालासोपाऱ्याला गाडीत बसवून दिलं. निघताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की 'माझी चूक' याला चांगला हिंदी शब्द कोणता. मी 'अपराध' सांगितला. तो जरा मोठा आहे, म्हणाले, पण चालेल.

पावसाळ्यात दुखुरामचं पत्र आलं. तिसरी लाइन एका दुपारी बसली. आत कुणी नव्हतं. दहा घरं आधीच उठली होती आणि अकरावं त्याच सकाळी सरदारांनी स्वतः सामान उचलून बाहेर काढलं होतं. ते मात्र परत आले नाहीत. तिथेच एका खोलीत राहिले. वर्षातून दोनदा त्यांचं पत्र येई, त्यात पाऊस किती झाला ते असे.

चार वर्षांनी सरदार वारल्याचं कळलं. इनासकाका आणि अंतोन दोघेही लगेच तिकडे निघाले, पण पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. फुलबाईशेजारी. परत आल्यावर अंतोन आमच्या ओट्यावर बसला आणि सांगू लागला. तिसऱ्या लाइनीतली सगळी कुटुंबं आली होती. त्यांतल्या एका बाईला त्याने विचारलं, तुमच्या घराखालचे खांब कुणी काढले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे का.

"ती म्हणाली, त्यांनीच सांगितलं. अकरा घरं फिरले. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं."

मी विचारलं, मग त्या लोकांनी काय केलं.

"मीही तेच विचारलं," अंतोन म्हणाला. "म्हणाली, काय करणार, म्हातारा माणूस उन्हातून आला होता. चहा ठेवला."